सूर्यास्त पाठ करायचा की पाहायचा?

विद्यार्थी मित्रांनो, 'सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या वेळी सूर्य तांबडा का दिसतो?' हा प्रश्न तुम्ही परीक्षेत एकदा तरी सोडवला असेल. दोन गुणांचा प्रश्न आणि ठरलेले उत्तर : 'सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणातून जास्त अंतर कापावे लागते. निळ्या प्रकाशाचे विकिरण जास्त होते, तांबड्याचे कमी होते. म्हणून सूर्य तांबडा दिसतो.' हे उत्तर बरोबर आहे. ते लिहिणाऱ्याला दोनपैकी दोन गुण मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण हे उत्तर लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी लागोपाठ आठ दिवस सूर्यास्त नीट पाहिला आहे? वर्गात हात वर करायला सांगा, म्हणजे कळेल. उत्तर पाठ झाले की विषय संपला, अशी आपणा सर्वांची समजूत झाली आहे. माझे म्हणणे असे, की विषय तिथे सुरू होतो.

उदाहरणासाठी एक गाव घेऊ. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात हिंगणी नावाचे गाव आहे. बोर नदीवरचे मातीचे धरण त्याच्या जवळ आहे आणि बोर व्याघ्र प्रकल्पाचे जंगलही. बाकी शिवार वर्धा जिल्ह्यात सगळीकडे असते तसेच : काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. गावाबाहेर पडून वावराच्या धुऱ्यावर उभे राहिले की आकाश उघडे. मुंबईतल्या मुलाला सूर्य बहुधा समोरच्या इमारतीमागे जाताना दिसतो. क्षितिज पाहायला त्याला समुद्रावर जावे लागते. हिंगणीच्या मुलाला ते घरबसल्या मिळालेले आहे. शाळेतल्या प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद असेल, प्रिझमचा कोपरा उडालेला असेल, पण ही प्रयोगशाळा दिवसातून दोनदा उघडते आणि तिला फी नाही. तरीसुद्धा प्रकाशाचे विकिरण आपण फळ्यावरच शिकतो. हे मला खटकते.

हिशेब आधी नीट करू

पाहण्याआधी थोडा हिशेब. सूर्याचा पांढरा प्रकाश अनेक रंगांचा मिळून झालेला असतो. हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात. इतक्या लहान कणांवर प्रकाश पडला की तो सर्व दिशांना विखुरतो, आणि तरंगलांबी जितकी कमी तितका जास्त विखुरतो. यालाच विकिरण म्हणतात. काही पुस्तकांत प्रकीर्णन असाही शब्द आहे. त्याचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८७१ साली मांडला : विकिरणाचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि तांबड्याची ६५० नॅनोमीटर धरली, तर निळा प्रकाश तांबड्याच्या सव्वाचार पटींहून थोडा अधिक विखुरतो. हा गुणाकार तुम्ही स्वतः करून पाहा.

सव्वाचार पट हा काही प्रचंड फरक नव्हे. मग माध्यान्हीचा पांढराशुभ्र सूर्य संध्याकाळी शेंदराच्या गोळ्यासारखा कसा होतो? याचे उत्तर तुम्हांला गणिताच्या तासाला भेटलेले आहे : चक्रवाढ. हवा अगदी स्वच्छ आहे, धूळ-धूर मुळीच नाही असे धरू. सूर्य डोक्यावर असताना त्याच्या निळ्या प्रकाशाच्या १०० भागांपैकी सुमारे ८० भाग सरळ आपल्यापर्यंत पोचतात, तांबड्याचे ९५. बाकीचे वाटेत विखुरतात. विखुरलेला हा निळा प्रकाशच आपल्याला 'आकाश' म्हणून दिसतो. सूर्य क्षितिजावर आला की किरणांना डोक्यावरच्या मानाने सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. म्हणजे १०० चे ८०, त्या ८० चे पुन्हा शेकडा ८०, असे ३८ वेळा. कागद घेऊन बसा. निळ्या प्रकाशाच्या १०,००० भागांतले जेमतेम दोन शिल्लक राहतात. तांबड्याचे मात्र १०० तले सुमारे १४ उरतात. सव्वाचार पटीचा फरक वाढत वाढत शेकडो पटींचा झाला! 'जास्त अंतर कापावे लागते' या पाठ केलेल्या वाक्यात एवढे मोठे गणित दडलेले आहे.

आता कोणी विचारील, जांभळ्याची तरंगलांबी निळ्याहूनही कमी, मग आकाश जांभळे का नाही? फार चांगली शंका आहे. सूर्यप्रकाशात जांभळा भाग मुळात कमी असतो, त्यातला काही वाटेत खर्ची पडतो, आणि आपला डोळा जांभळ्याला निळ्याइतका दाद देत नाही. म्हणजे आकाशाच्या रंगात सूर्य आणि हवा यांच्या जोडीला पाहणाऱ्याचा डोळाही भागीदार आहे.

धूळ रंग देते की घेते?

'हवेतल्या धुळीमुळे सूर्यास्त तांबडा होतो' असे अनेक वह्यांत लिहिलेले आढळते. यात एक जुनी गोष्ट दडलेली आहे. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८६९ च्या सुमारास काचेच्या नळीत अतिसूक्ष्म कणांचा ढग तयार करून त्यातून प्रकाशझोत सोडला, तेव्हा बाजूने पाहता तो निळा दिसला. आकाशाचा निळा रंगही अशाच कणांमुळे असावा असे त्या काळी वाटले. पुढे १८९९ साली रॅली यांनी हिशेब करून दाखवले, की परके कण मुळीच नसले तरी हवेचे रेणू एकटेच आकाश निळे करायला पुरेसे आहेत. या हिशेबाच्या पडताळ्यासाठी त्यांनी आधार घेतला तो आपल्याकडच्या एका निरीक्षणाचा : दार्जिलिंगच्या परिसरातून सुमारे १०० मैलांवरचा एव्हरेस्ट बऱ्यापैकी उजळ दिसतो. हवा किती प्रकाश विखुरते याचा अंदाज त्यावरून बांधता येत होता. डोंगर दिसतो की नाही हे पाहणारा कोणी तरी तिथे होता, म्हणून हे जमले.

मग धुळीचे काम काय? हे पुस्तकापेक्षा विदर्भाचे आकाश चांगले शिकवते. मे महिन्यात वावटळी उठतात, हवेत धूळ भरते. दुपारीसुद्धा आकाश निळे नसते, पांढुरके असते. कारण धुळीचे कण तरंगलांबीपेक्षा मोठे असतात आणि मोठे कण सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. संध्याकाळी सूर्य तांब्याच्या पैशासारखा निस्तेज होतो आणि पुष्कळदा क्षितिजाला टेकण्याआधीच धुरकटात विरून जातो. बिंब लाल, पण आकाशात रंग असा नाहीच. उलट पावसाची एखादी जोरदार सर येऊन गेली, हवा धुतली गेली आणि वर उंचावर थोडे विरळ ढग राहिले, की त्याच गावात पश्चिम पेटल्यासारखी होते. ढग हा पडदा आहे. लाल-केशरी प्रकाश खालून त्याच्यावर पडतो आणि आपल्याला दिसतो. म्हणून 'प्रदूषण वाढले की सूर्यास्त सुंदर होतात' हे हल्ली ऐकू येणारे वाक्य तपासल्याशिवाय स्वीकारू नका. जमिनीलगतचा धूर बिंब लाल करतो खरा, पण आकाशाचे रंग मळवतो. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशी कोळशावर चालणारी वीज केंद्रे ज्या विदर्भात आहेत आणि उन्हाळ्याच्या तोंडी जिथे वावरात पऱ्हाट्या जाळतात, तिथल्या मुलांनी हा फरक ओळखायला शिकणे ही चैनीची गोष्ट नव्हे. आपण कसली हवा छातीत घेतो, हे क्षितिजाकडे पाहून काही प्रमाणात कळते.

अर्थात सर्व कण सारखे नसतात. २७ ऑगस्ट १८८३ रोजी इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. पुढे कित्येक महिने जगभर संध्याकाळचे आकाश विलक्षण लाल होत राहिले. अमेरिकेत काही ठिकाणी आग लागली असे समजून बंब धावले. त्याच वर्षी सप्टेंबरात मद्रास आणि सिलोन येथे लोकांनी चक्क हिरवा सूर्य पाहिला. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. त्यापासून स्थितांबरात, म्हणजे ढग-पावसाच्या पट्ट्याच्याही वर, अतिसूक्ष्म थेंबांचा थर पसरला. त्याने जगभर संध्याकाळी रंगवल्या आणि पृथ्वीचे सरासरी तापमान तात्पुरते सुमारे अर्ध्या अंशाने उतरवले. तेव्हा कण किती मोठे, किती उंचीवर, किती दाट, यावर सारे अवलंबून आहे.

मंगळावर तर गंमतच आहे. तिथली हवा अतिशय विरळ आणि बारीक धुळीने भरलेली. त्यामुळे दिवसाचे आकाश पिवळट-तपकिरी असते आणि मावळत्या सूर्याभोवतीची प्रभा निळसर! 'स्पिरिट' या फिरत्या यानाने २००५ साली आणि 'क्युरिऑसिटी'ने २०१५ साली अशा सूर्यास्ताची छायाचित्रे पाठवली. 'सूर्यास्त म्हणजे तांबडा' हे वाक्य आपल्या हवेपुरते खरे आहे, हे त्या छायाचित्रांनी दाखवून दिले.

मावळतीकडे पाठ करा

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळू. पहिली सूचना सुरक्षिततेची. सूर्य वर असताना त्याच्याकडे टक लावून पाहू नका. दुर्बिणीतून तर कधीच नाही, अगदी मावळतानासुद्धा. आणि हिंगणीसारख्या जंगलालगतच्या गावांत संध्याकाळी एकट्याने रानाच्या कडेला जायचे नाही. शाळेची गच्ची, घराचे अंगण, गावठाणाची मोकळी जागा पुरेशी आहे.

बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून वरची कड दिसेनाशी होईपर्यंत घड्याळ लावा. हिंगणीच्या अक्षांशावर याला सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. या वेळात बिंब गोल राहत नाही, खालून दाबल्यासारखे चपटे होते. हवेतील अपवर्तनामुळे क्षितिजावरची वस्तू सुमारे ३४ कला वर उचललेली दिसते (६० कला म्हणजे १ अंश) आणि सूर्यबिंबाचा व्यास सुमारे ३२ कला आहे. म्हणजे खालची कड क्षितिजाला टेकलेली तुम्हांला दिसते, त्या क्षणी हवा नसती तर अख्खा सूर्य मावळलेला असता! तुम्ही पाहत असता तो सूर्य क्षितिजाखालचा असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून बिंब चपटे.

सूर्य बुडाला की बहुतेक लोक घराकडे वळतात. तुम्ही फक्त तोंड फिरवा आणि पूर्वेकडे पाहा. आकाश निवळ असेल तर पाच-दहा मिनिटांत पूर्व क्षितिजावर एक पारवा पट्टा चढू लागतो. त्याच्या वर फिकट गुलाबी पट्टा असतो. तो पारवा पट्टा ढग नव्हे, धूरही नव्हे. ती आपल्या पृथ्वीची सावली आहे, समोरच्या हवेवर पडलेली. गुलाबी पट्ट्यातल्या हवेवर अजून मावळतीचा तांबूस प्रकाश पोचतो आहे, पारव्या पट्ट्यातल्या हवेवर पोचत नाही. चंद्रग्रहणात जी सावली चंद्रावर पडते तीच ही. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले, तेव्हा जिथे ढगांनी वाट दिली तिथे चंद्र तांबूस झालेला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पृथ्वीच्या कडेवरचे त्या क्षणीचे सारे सूर्योदय आणि सूर्यास्त मिळून चंद्राला तो रंग देतात. ग्रहण वर्षा-दोन वर्षांनी येते, पण पृथ्वीची सावली निरभ्र आकाशात रोज संध्याकाळी पूर्वेला आणि रोज पहाटे पश्चिमेला उगवते. आपण तिच्याकडे बघत नाही, इतकेच.

सूर्यास्तानंतर २२ ते २५ मिनिटांनी सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जातो. तोवरचा काळ सर्वांत रंगीत. या वेळी मान वर करून थेट माथ्यावरचे आकाश पाहा. ते गडद, खोल निळे असते. तुम्ही म्हणाल, 'हे तर ठाऊक आहे, विकिरण!' इथे पाठ केलेले उत्तर फसते. संधिप्रकाशात किरण वरच्या हवेतून तिरपे, फार लांबचा प्रवास करून येतात. नुसत्या विकिरणाचाच हिशेब केला तर त्यांतला निळा भाग झडून माथ्यावरचे आकाश पिवळट किंवा करडे दिसायला हवे. ते निळे राहते याचे मोठे श्रेय ओझोनला जाते. ओझोन नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. दुपारी वाट आखूड म्हणून त्याचा परिणाम कळत नाही, संध्याकाळी कळतो. हा हिशेब अमेरिकन शास्त्रज्ञ हलबर्ट यांनी मांडला तो १९५३ साली, रॅलींच्या पहिल्या नियमानंतर ८० हून अधिक वर्षांनी. संध्याकाळ हे माणसाचे सर्वांत जुने दृश्य. त्यातही एवढे उशिरा कळलेले काही होते. मग विषय संपला असे कोणी म्हणावे?

उसनी म्हण नको

इंग्रजी पुस्तकांतून एक समजूत आपल्याकडे आली आहे : संध्याकाळी आकाश लाल असेल तर उद्या हवा चांगली, सकाळी लाल असेल तर पाऊस-वादळ. तिथल्या लोकांसाठी तिला अर्थ आहे. युरोपात हवामान बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. मावळतीला आकाश स्वच्छ व लाल, म्हणजे येणारी हवा स्वच्छ. वर्धा जिल्ह्यात पावसाळ्यात काय होते? बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे सरकत विदर्भावर येतात. म्हणजे पावसाचे मोठे वाटाड्ये उलट बाजूने येतात. तेव्हा हिंगणीच्या पश्चिमेचा लाल रंग उद्याच्या पावसाविषयी काय सांगणार? ही समजूत इथे लागू पडते की नाही, हे ठरवायला एका पावसाळ्याची वही पुरेशी आहे. रोज संध्याकाळचा रंग आणि दुसऱ्या दिवशीचा पाऊस, दोन रकाने. असे काम आठवीतली मुलगी करू शकते, आणि ज्या घरात पेरणीचा निर्णय आकाशाकडे पाहून होतो त्या घरात या कामाची किंमत कळते.

तीच गोष्ट 'सूर्योदयापेक्षा सूर्यास्त जास्त लाल असतो' या विधानाची. कारण दिले जाते की दिवसभरात धूळ वर उठते. पण हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते, चुलीचा धूर आणि धुके तिच्यात अडकून राहते. मग तुमच्या गावात जानेवारीत कोणता सूर्य जास्त लाल? मी सांगणार नाही. तुम्हीच पाहा आणि तुमच्या गुरुजींना सांगा.

रामन यांनी काय केले?

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली त्या दिवशी आपला शोध जाहीर केला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ही वाक्ये भाषणात येतातच. पुढचे मात्र क्वचित येते. रामन सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला असताना १९१० च्या सुमारास त्यांची बदली नागपूरला झाली होती, म्हणजे हिंगणीच्या शेजारीच म्हणा ना. पुढे १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परत येताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांचे मन वेधले. समुद्राचा निळा रंग हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब आहे, असे खुद्द रॅली यांनी म्हटले होते. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम नावाचे छोटेसे साधन होते. योग्य कोनातून ते डोळ्यांपुढे धरून त्यांनी पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला. प्रतिबिंब गेले, निळा रंग राहिला, किंबहुना अधिक खुलला. तेव्हा तो रंग पाण्याच्या आतून येत होता. तिथून सुरू झालेले विचार सात वर्षांनी त्यांच्या शोधापर्यंत पोचले.

रॅली थोर होते, नोबेल पारितोषिक मिळवलेले होते. पण रामन यांनी त्यांचे वाक्य पाठ केले नाही. समुद्राकडे पाहून ते तपासले. विज्ञान दिनाला रामन यांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात उभे राहून पृथ्वीची सावली पाहणे हे मला रामन यांच्या अधिक जवळचे वाटते.

शिक्षकांची अडचण

शिक्षक म्हणतील, 'अभ्यासक्रम पुरा करताना नाकी नऊ येतात. सूर्य मावळतो तेव्हा शाळा सुटलेली असते. आणि परीक्षेत विचारतात ती व्याख्या.' तिन्ही आक्षेप खरे आहेत, आणि त्यांचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

पण वर्धा जिल्ह्यात बसून हे बोलताना एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि 'नई तालीम' उभी राहिली. ज्ञान वेगळे आणि जगणे वेगळे असे न ठेवता उद्योग, निसर्ग आणि समाज या तिन्हींशी शिक्षणाचा समवाय साधावा, हा तिचा गाभा. त्या प्रयोगाच्या यशापयशाविषयी मतभेद आहेत आणि असावेत. पण ज्या जिल्ह्यातून सगळ्या देशाला हे सांगितले गेले, त्याच जिल्ह्यात दारात होणारा सूर्यास्त मुलांनी मार्गदर्शिकेतून शिकावा, हे बरे नाही.

उपाय मोठे नाहीत. तासिका वाढवायची गरज नाही. गृहपाठातली एक व्याख्या कमी करा आणि त्या जागी 'आकाशाची वही' द्या. रोज चार ओळी : तारीख आणि वेळ, बिंबाचा रंग, पश्चिमेचा व पूर्वेचा रंग, ढग-धूळ-धूर-वारा यांपैकी काय होते. रंगांना आपल्याकडे शब्दांची वाण नाही. तांबडा, शेंदरी, केशरी, अबोली, पारवा, मोरपंखी, धुरकट... प्रत्येक शब्द वेगळा रंग सांगतो. मोबाइलच्या छायाचित्रावर भिस्त ठेवू नका. त्यातला कॅमेरा रंग परस्पर 'सुधारतो'. सूर्य क्षितिजावर नेमका कुठे मावळला, हेही एखाद्या झाडाच्या किंवा टेकडीच्या खुणेने लिहून ठेवा. जून ते डिसेंबर या काळात हिंगणीचा सूर्यास्त क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची; म्हणजे पाच मुठींचा प्रवास. वर्तमानपत्रातली मुंबईची वेळही ताडून पाहा. तिथे सूर्य तुमच्यानंतर सरासरी २४ मिनिटांनी मावळतो. का, ते रेखांशावरून काढा.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सांजवेळी पुष्कळ घरांत भाऊ मैदानावर असतो आणि बहीण चुलीपाशी. निरीक्षणाचा अधिकार फक्त मोकळा वेळ असणाऱ्यालाच मिळाला, तर ही वही निम्म्या वर्गाचीच होईल. म्हणून सूर्योदयाच्या नोंदीलाही तेवढेच गुण द्या, अंगणातून दिसणाऱ्या पूर्वेलाही द्या, आणि घरच्यांना सांगा की या दहा मिनिटांचा अभ्यास घराबाहेर होतो.

पावसाळी दिवसांत वर्गातला प्रयोग आहेच. काचेच्या सरळ पेल्यात पाणी घ्या, दुधाचे दोन-तीन थेंब टाकून ढवळा, खोलीत अंधार करा आणि एका बाजूने बॅटरीचा झोत सोडा. बाजूने पाहा, पाणी निळसर. समोरून झोताकडे पाहा, तो पिवळट-नारिंगी. आणखी थेंब टाकत जा. काही वेळाने निळसरपणा जाऊन सारे पांढरे होईल. हा पांढरेपणा मे महिन्यातल्या आकाशात तुम्ही कुठे पाहिला, ते आठवा.

आणि परीक्षा? परीक्षकांना माझी विनंती आहे. 'सूर्य तांबडा का दिसतो?' हा प्रश्न राहू द्या. त्याच्या शेजारी आणखी एक ठेवा : 'गेल्या महिन्यात तुम्ही पाहिलेल्या दोन सूर्यास्तांत कोणता फरक होता? त्याचे कारण काय असावे?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळणार नाही, शेजाऱ्याच्या वहीतही मिळणार नाही. एखादा विद्यार्थी लिहील, 'असे असे दिसले, कारण कळले नाही.' त्याला गुण द्या. जे दिसले ते खरे लिहिणे आणि जे कळले नाही ते कळले नाही म्हणणे, या दोन सवयी ज्याला लागल्या त्याला विज्ञान शिकवणे सोपे असते. त्या न लावता आपण दहा वर्षे जे शिकवतो, ते निकालाच्या दिवशी विसरले जाते.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी शाळेची परवानगी निघेपर्यंत थांबायचे कारण नाही. एक जुनी वही आणि पेन्सिल एवढे सामान पुरे. पहिले पान आजच्या तारखेचे असू द्या. पश्चिम पाहून झाली की मावळतीकडे पाठ करायला विसरू नका.